गोदाकाठची मुलगी, कातालान पुस्तक

आशा मिरो यांचे ‘गंगेची कन्या’ हे आत्मकथन २००३ साली बार्सिलोना येथे कातालान भाषेत प्रसिद्ध झाले. त्याचा उत्तरार्ध ‘चंद्राचे दोन चेहरे’ पुढच्याच वर्षी आला. स्पेनमध्ये या पुस्तकांना मोठा वाचकवर्ग लाभला आणि इंग्रजीतून ही कथा आपल्यापर्यंत पोचली. परदेशी दत्तक गेलेल्या मुलीने मायदेशी येऊन घेतलेला आपल्या मुळांचा शोध, असे तिचे वर्णन सर्वत्र केले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. हे पुस्तक मराठी वाचकाने, त्यातही पेडणे-डिचोली आणि सावंतवाडी-दोडामार्ग या पट्ट्यातल्या, घरात एक आणि देवघरात दुसरी भाषा बोलणाऱ्या वाचकाने वाचले, तर त्यात त्याला वेगळेच काही दिसू लागते.

हकीकत थोडक्यात अशी. १९६७ साली नाशिककडच्या एका खेडवळ, गरीब कुटुंबात ही मुलगी जन्मली. आई लवकर गेली. बापाने मुलीला ननांच्या स्वाधीन केले. नाशिकहून ती मुंबईच्या अनाथाश्रमात आली आणि १९७४ साली, सहा-सात वर्षांची असताना, विमानात बसून बार्सिलोनाच्या मिरो कुटुंबात गेली. १९९५ मध्ये ती प्रथम परत आली. पुढच्या फेरीत गावचे नातेवाईक सापडले, सख्खी थोरली बहीण भेटली आणि पहिल्या पुस्तकात सांगितलेली बरीच हकीकत दुरुस्त करावी लागली. आपले नावसुद्धा आपले नव्हते, मूळचे नाव उषा आणि ‘आशा’ हे बहिणीचे, हे तिला तेव्हा कळले.

शीर्षकाविषयी एक खुलासा आपणच करायला हवा. नाशिककडची मुलगी गंगेची कन्या कशी, हा परदेशी वाचकाला खपवण्यासाठी केलेला भपका तर नव्हे, अशी शंका उत्तरेकडचा वाचक घेईल. मराठी माणसाला ती येणार नाही. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. गंगेवर जाऊन येतो म्हणणारा नाशिककर काही काशीला निघालेला नसतो. म्हणजे पुस्तकाच्या मुखपृष्ठावरचा हा एक शब्द खास मराठी अर्थाने बरोबर आहे, आणि पुढच्या पानांतून नाहीशी झालेली भाषा तेवढ्या एका शब्दात टिकून आहे.

दत्तक हा विषय आपल्याला नवा नाही. आपल्या इतिहासाची पाने दत्तकांनी भरलेली आहेत. पण ती सगळी मुलग्यांची, गादीची आणि पिंडदानाची कथा. याच नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा गोपाळ नावाचा बारा वर्षांचा मुलगा १८७५ साली बडोद्याला दत्तक गेला आणि सयाजीराव गायकवाड झाला. गुजराती मुलखात राज्य करूनही त्याची मराठी सुटली नाही, उलट मराठी ग्रंथव्यवहाराला बडोद्याचा मोठा आधार मिळाला. गेला तो मुलगा गादीवर गेला, म्हणून त्याच्यामागून भाषाही गेली. शंभर वर्षांनी त्याच जिल्ह्यातून बार्सिलोनाला गेलेल्या मुलीबरोबर एक शब्दही टिकला नाही. आपल्या वाङ्मयात दत्तक देऊन टाकलेल्या मुलीला स्वतःचे निवेदन असे जवळजवळ नाहीच. ते करायला तिला कातालान शिकावे लागले, हे आपल्याला थोडे झोंबले पाहिजे.

सरहद्दीवरच्या आपल्या घरांत तर दत्तकाचे कायदेही दुहेरी. १८६७च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेत दत्तकाला जागाच नव्हती. हिंदूंच्या चालीरीतींना सूट देणाऱ्या १८८०च्या फर्मानाने ती वेगळी ठेवली. १९५६चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, ज्याने मुलगीही दत्तक घेता येऊ लागली, तो मुक्तीनंतरही गोव्याला लागू झाला नाही. सावंतवाडीला दिलेल्या बहिणीला एक कायदा आणि पेडण्यात राहिलेल्या भावाला दुसरा. सर्व धर्मीयांना दत्तकाचा मार्ग खरा मोकळा झाला तो बालन्याय कायद्याने, या शतकात. तेव्हा कोण कोणाचे मूल, हे नदीच्या कोणत्या काठावर विचारले जाते त्यावर ठरते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

आता पुस्तकाच्या गुणांकडे. मिरो यांचे लेखन साधे, प्रांजळ आहे. पण पुस्तकातला माझ्या मते सर्वांत सकस भाग त्यांचा नाहीच. तो त्यांच्या दत्तक आईचा आहे. आईच्या रोजनिशीतले उतारे मध्येमध्ये येतात आणि मुलीच्या आठवणीला जिथे काहीच दिसत नाही तिथे प्रकाश पाडतात. घरात नवे मूल येते तेव्हा एकटे मूलच परक्या देशी जात नाही, सारे कुटुंब जात असते, ही गोष्ट या नोंदींतून जितकी कळते तितकी लेखिकेच्या चिंतनातून कळत नाही.

आणि हे घर कोणत्या भाषेचे होते? १९७४ साली स्पेनमध्ये फ्रँकोची हुकूमशाही होती. शाळेची आणि कचेरीची भाषा स्पॅनिश. कातालान घरात बोलायची. फ्रँको १९७५च्या नोव्हेंबरात मेला आणि कातालानला अधिकृत दर्जा मिळायला १९७९ साल उजाडले. म्हणजे मराठी बोलणारे पोर जिथे गेले तिथल्या लोकांना स्वतःचीच भाषा दाराआड जपावी लागत होती. घरातली भाषा आणि सरकारची भाषा यांतले अंतर ज्यांनी १९८७च्या राजभाषा कायद्याच्या आधी आणि नंतरही सोसले, त्या गोमंतकीय वाचकाला हा प्रसंग बोलका वाटेल. लेखिका मात्र त्याच्यापाशी थांबत नाही. आपल्या भाषेसाठी इतके हळवे असलेले हे लोक मुलीची आधीची भाषा जाऊ देतात, यात क्रौर्य नव्हते, अज्ञान होते. तरी तो प्रश्न विचारायला हवा होता. पुस्तकाची मोठी उणीव मला इथे दिसते. कृतज्ञता फार लवकर येते आणि आली की बाकीच्या प्रश्नांवर पांघरूण पडते.

त्यामुळे उत्तरार्धातली दोघी बहिणींची भेट वाचताना जीव कासावीस होतो. थोरलीला मराठीशिवाय भाषा नाही. धाकटीला मराठी नाही. मधला माणूस बोलेल तेवढेच एकीचे दुसरीला कळणार. स्पर्श, रडणे, साडी, जेवण यांवर लेखिका भिस्त ठेवते. ते खरेही असेल. पण बहिणी बहिणी जे बोलतात, बापाबद्दलची तक्रार, एखादा टोमणा, गावच्या माणसांची चेष्टा, ते दुभाष्यातून जात नाही. रक्त भेटले आणि बोली भेटली नाही, हे या पुस्तकातले खरे दुःख. ते लिहिले गेले नाही, पण प्रत्येक पानाखाली आहे.

सरू ब्रायर्लीच्या ‘अ लाँग वे होम’ (२०१३) या आत्मकथनाशी तुलना केली तर हे अधिक स्पष्ट होते. खांडव्याचा हा पाचेक वर्षांचा मुलगा रेल्वेत हरवला आणि टास्मानियात दत्तक गेला. त्याने गणेश तलाई या वस्तीचे नाव पोराच्या उच्चाराने ‘गिनेस्टले’ असे लक्षात ठेवले. बोबडे झालेले ते नाव कोणालाच ओळखता येईना, आणि घर सापडायला पंचवीस वर्षे लागली. त्याचे स्वतःचे नावही शेरूचे सरू झाले होते. ब्रायर्लीचे लेखन वाङ्मयीन दृष्ट्या मिरो यांच्यापेक्षा सरस नाही, पण शब्द हरवणे म्हणजे वाट हरवणे, हे त्याला उमगलेले आहे.

मिरो यांनी अॅना सोलर-पाँट यांच्यासमवेत पुढे एक कादंबरी लिहिली आणि तीवर २०१४ साली ‘ट्रेसेस ऑफ सँडलवूड’ हा चित्रपट निघाला. त्यात नंदिता दास आहेत. चित्रपट देखणा आहे. पण भारतातली बहीण इथे मुंबईची सिनेनटी झाली आहे. ती इंग्रजी बोलते, विमानाने बार्सिलोनाला जाते, आणि दोघींमधली भाषेची भिंत पटकथेतूनच पाडून टाकली जाते. शेतकरी बहीण गेली आणि तिच्याबरोबर सगळा पेचही गेला. सोय झाली, कथा मेली.

१९७४ नंतर बरेच बदलले. १९८४ साली लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी दत्तकाला नियम घालून दिले, २००३ मध्ये भारताने हेग कराराला मान्यता दिली. आता दत्तक आईबापांना मूल न्यायला स्वतः भारतात यावे लागते. ते मुलाच्या गावी काही दिवस राहतात, त्याच्या तोंडचे दोनचार शब्द त्यांच्या कानी पडतात. ते किती टिकतात हे पाहायला आपल्याला पेडण्याबाहेर जायलाही नको. पोर्तुगालच्या पासपोर्टवर जाणाऱ्या आपल्याच घरांत, सख्ख्या आईबापांच्या मांडीवर, आजीशी बोलायची भाषा दोन-तीन वर्षांत जाते.

या पुस्तकाच्या कोणत्याही मराठी अनुवादकापुढे एक चमत्कारिक काम असेल. थोरली बहीण मराठीत बोलली, ते दुभाष्याने सांगितले, लेखिकेने कातालानमध्ये लिहिले, तिथून ते इंग्रजीत आले. ते परत मराठीत न्यायचे तर कोणत्या मराठीत? पुण्याच्या छापील मराठीत ते वाक्य मरेल. नाशिककडच्या शेतकरणीच्या तोंडी ते कसे आले असेल, हे तिकडच्या कोणाला तरी शेजारी बसवूनच ठरवावे लागेल.