अर्पणपत्रिकेतली अमेरिका, प्रस्तावनेतली अमेरिका

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. त्यांनी काळ्या गुलामांना मुक्त केले, हे त्याचे कारण. ही गोष्ट आपल्या चळवळीतल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. जयंतीच्या व्यासपीठावर ती दरसाल सांगितली जाते. पण त्याच ग्रंथाला जोतीरावांनी एक इंग्रजी प्रस्तावना जोडली आहे आणि तीत दुसरी अमेरिका आहे. गोऱ्या वसाहतवाल्यांनी नव्या खंडात पाय ठेवल्यावर तिथल्या मूळ रहिवाशांचे जे हाल केले, तेच आर्यांनी इथल्या मूळच्या लोकांचे केले, असे जोतीराव तिथे बजावतात. म्हणजे एकाच ग्रंथाच्या आरंभी दोन अमेरिका उभ्या आहेत. एक गुलाम सोडवणारी आणि दुसरी भुई बळकावणारी. आपल्या समीक्षेने पहिली उचलली आणि दुसरी तिथेच राहू दिली. या दुसऱ्या अमेरिकेवाचून माणदेशातून आलेले आपले साहित्य पुरते वाचता येत नाही, असे माझे मत आहे.

पहिली अमेरिका उचलली गेली यात काही गैर झाले नाही. म. ना. वानखडे, जनार्दन वाघमारे यांनी त्या काळी ज्याला निग्रो साहित्य म्हणत त्याची ओळख मराठी वाचकाला करून दिली. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने नावसुद्धा ब्लॅक पँथरवरून घेतले. घाम दुसऱ्याच्या मालकीचा आणि देह विटाळाचा, या अनुभवाने काळा माणूस आणि दलित माणूस भाऊ झाले. पण गुलामी हा श्रमाच्या मालकीचा प्रश्न आहे. त्याच्या पोटात भुईच्या मालकीचा प्रश्न दडलेला असतो, आणि तो विचारायचा तर अमेरिकेचा इतिहास पहिल्यापासून पाहावा लागतो.

१६०७ साली इंग्रजांनी व्हर्जिनियात जेम्सटाउनची वसाहत घातली. १६१९ मध्ये त्याच वसाहतीत आफ्रिकेतून धरून आणलेली माणसे उतरवली गेली. जमीन एकाची, राबणार दुसरा आणि मालक तिसरा, हे कोष्टक पहिल्या बारा वर्षांतच तयार झाले. १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा सर्व माणसे समान म्हणतो. तो लिहिणारा जेफरसन स्वतः गुलामांचा धनी होता, आणि त्याच जाहीरनाम्यात मूळ रहिवाशांना रानटी ठरवले आहे. १८०३ मध्ये अमेरिकेने लुईझियानाचा अफाट मुलूख फ्रान्सकडून विकत घेतला. त्यावर राहणाऱ्यांना कोणी विचारले नाही. १८२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निवाडा दिला, की मालकी शोध लावणाऱ्याची आणि राहणाऱ्याला फक्त वहिवाटीचा हक्क. १८३० मध्ये हुसकावणीचा कायदा झाला. १८३८-३९ मध्ये सुमारे सोळा हजार चेरोकींना सोजिरांच्या पहाऱ्यात पश्चिमेकडे हाकलले. वाटेत आणि छावण्यांत सुमारे चार हजार मेले. पुढे १८४५ च्या सुमारास तिथले पंडित सांगू लागले, की महासागरापर्यंत पसरणे हे आमचे ईश्वरदत्त कार्य आहे. लुटीला देवाची सही मिळाली. मनुस्मृती माहीत असलेल्या माणसाला यात नवे काही वाटणार नाही.

जोतीराव ‘गुलामगिरी’त वामनाच्या कथेची चिरफाड करतात. तीन पावले भूमी मागायची आणि बळीला पाताळात घालायचे. अमेरिकन सरकारने मूळ रहिवाशांशी साडेतीनशेवर तह केले आणि बहुतेक मोडले. प्रत्येक तह म्हणजे वामनाचे एक पाऊल होते. १८७१ मध्ये तह करण्याची रीतच बंद केली. त्याच वर्षी इंग्रज सरकारने हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा केला. ज्याला भुई नाही तो जन्मतः चोर, हे दोन्हीकडच्या राज्यकर्त्यांचे शास्त्र.

आता लिंकनकडे पाहू. १८६२ च्या मे महिन्यात त्याने होमस्टेड कायद्यावर सही केली. पाच वर्षे वसून कसणाऱ्याला १६० एकर जमीन. ही जमीन आली कुठून, हे कायदा सांगत नाही. त्याच वर्षी मिनेसोटात, तहाने जमीन गेलेल्या आणि कबूल केलेले पैसे व शिधा वेळेवर न मिळाल्याने उपाशी मरणाऱ्या डकोटांनी उठाव केला. लष्करी न्यायासनाने तीनशेहून अधिक जणांना फाशी सुनावली. लिंकनने बहुतेकांची शिक्षा कमी केली, आणि २६ डिसेंबर १८६२ रोजी ३८ जणांना एकाच वेळी फासावर चढवले. त्यानंतर सहाव्या दिवशी, १ जानेवारी १८६३ रोजी, त्याच लिंकनने गुलामांच्या मुक्तीची घोषणा केली. अर्पणपत्रिकेतली अमेरिका आणि प्रस्तावनेतली अमेरिका एकाच लेखणीने सही करत होती.

आणि मुक्त झालेल्यांना काय मिळाले? जानेवारी १८६५ मध्ये जनरल शेर्मनने दक्षिणेच्या किनाऱ्यावरची जमीन मुक्त कुटुंबांना चाळीस चाळीस एकरांनी वाटण्याचा हुकूम काढला. सुमारे चाळीस हजार माणसे त्या जमिनीवर वसली. लिंकनच्या खुनानंतर अध्यक्ष झालेल्या जॉन्सनने त्याच वर्षी बहुतेक जमीन जुन्या मालकांना परत दिली. गुलामाचा कूळ झाला, बटाईदार झाला, कर्जदार झाला. बेडी गेली आणि सावकाराची वही आली.

याहून कडू गोष्ट पुढे आहे. चेरोकींतले श्रीमंत लोक स्वतः काळे गुलाम बाळगीत, आणि हकालपट्टीच्या वाटेवर ते गुलामही बरोबर होते. उलट १८६६ पासून काळ्या शिपायांच्या पलटणी उभ्या राहिल्या आणि त्यांना पश्चिमेच्या मैदानांत मूळ रहिवाशांवर पाठवले गेले. लुटला गेलेला एक दुसऱ्या लुटल्या गेलेल्याच्या मानेवर. बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, ती जातीच्या देशाबाहेरही अशी काम करते. शोषित तेवढे आपोआप एक, असे समजणाऱ्या भाबड्या कवितेला हा इतिहास उत्तर देतो.

हे सारे माणदेशात बसून वाचावे. जोतीरावांचे मूळ घराणे खटाव तालुक्यातल्या कटगुणचे. ते गाव माणच्या शेजारच्या मुलखातले. याच कोरड्या पट्ट्यातल्या आटपाडीचे शंकरराव खरात, आणि शेजारच्या फलटण तालुक्यातून आलेले लक्ष्मण माने. ‘तराळ-अंतराळ’ (१९८१) आणि ‘उपरा’ (१९८०) ही दोन आत्मकथने आपण दुःखाचे दस्तऐवज म्हणून वाचली. मी ती भुईचे दस्तऐवज म्हणून वाचतो. खरातांच्या पुस्तकात विहिरीतले प्रेत काढायला पोलीस तराळाला आत उतरवतो, आणि काठावर त्याचा मुलगा जीव मुठीत धरून उभा असतो. हा तराळ वतनदार आहे. गावाच्या जमिनीत त्याच्या नावाचा तुकडा आहे, आणि त्या तुकड्यापायीच तो रात्रंदिवस सरकारचा आणि गावाचा बांधील आहे. जमीन आहे, पण ती दाव्यासारखी गळ्यात आहे. ‘उपरा’तल्या कैकाडी कुटुंबाला तेवढाही तुकडा नाही. गाढवाच्या पाठीवर बिऱ्हाड आणि गावाबाहेर मुक्काम. रामोशी, कैकाडी यांच्यावरचा गुन्हेगारीचा कायदेशीर शिक्का १९५२ साली पुसला गेला. शिक्का गेला म्हणून पायाखाली भुई आली नाही.

एक आक्षेप रास्त आहे. जोतीरावांची तुलना आर्यांच्या स्वारीवर उभी आहे, आणि ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ (१९४६) या ग्रंथात बाबासाहेबांनी ही वंशाची उपपत्ती नाकारली. मग तुलना कोसळते काय? वंशापुरती कोसळते. पण तिचा गाभा वंशात नाही. जिंकणाऱ्याने जमीन घ्यायची, मग कायदा करायचा, मग धर्म सांगायचा, आणि शेवटी ज्याची जमीन घेतली त्यालाच हीन ठरवायचे, हा क्रम जोतीरावांनी अचूक ओळखला. तो क्रम कातडीच्या रंगावाचूनही चालतो. जातीने तो चालवून दाखवला आहे.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९४६ मध्ये त्यांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून काळ्यांच्या संयुक्त राष्ट्रांकडच्या अर्जाची विचारपूस केली. पण मुक्ती म्हणजे काय याचे त्यांचे उत्तर लिंकनपाशी थांबले नाही. १९२८ साली त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतनदारीच्या प्रश्नावर विधेयक आणले. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये शेतजमीन राज्याच्या मालकीची करून जातपात न पाहता ती कसायला द्यावी अशी मागणी केली. महार वतन १९५८ च्या कायद्याने संपले. जमीन मात्र पैसे भरून, अटींसह परत घ्यायची होती. दादासाहेब गायकवाडांना १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभारावे लागले, यातच सर्व आले.

‘गुलामगिरी’ला शंभर वर्षे झाली त्या १९७३ सालीच वुंडेड नी या गावी मूळ रहिवाशांनी मोडलेल्या तहांचा जाब विचारत ७१ दिवस ठाण मांडले होते. काळ्या पँथरचा आवाज आपल्या कवितेत आला, हा मात्र फारसा आला नाही. म्हणून समीक्षकांना आणि शिक्षकांना माझे सांगणे एवढेच आहे. जयंतीला अर्पणपत्रिका जरूर वाचा, पण पान उलटा आणि प्रस्तावनाही वाचा. आणि कोणतेही दलित आत्मकथन हातात घेतले की त्यातल्या वेदनेबरोबर एक रोकडा प्रश्न विचारा: या माणसाच्या नावावर किती एकर होते, ते कोणी घेतले, आणि आज सातबारावर कोणाचे नाव आहे?