खडबडीतपणा कशाचा?

शालेय पुस्तकांत आणि त्यांच्या आधाराने निघणाऱ्या मार्गदर्शकांत आंतर्द्रव्यजालिकेचे वर्णन साधारणपणे चार वाक्यांत आटोपते. ती पेशीद्रव्यात पसरलेली नळ्यांची व चपट्या पिशव्यांची जाळी आहे. तिच्यावर रायबोझोम असतील तर ती खडबडीत, नसतील तर मृदू. ती पेशीला आधार देते. ती प्रथिनांचे वहन करते. यांतले एकही वाक्य सरळसरळ खोटे नाही. तरीही ही चार वाक्ये बिनचूक लिहून पूर्ण गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला खडबडीत आंतर्द्रव्यजालिका पेशीत कशासाठी आहे हे कळलेले नसते, असे आमचे मत आहे. हा दोष विद्यार्थ्याचा नाही, मांडणीचा आहे.

आधी आकृती पाहू. केंद्रकाच्या एका बाजूला चार-पाच वाकड्या समांतर रेषा आणि त्यांवर टिंबे. अनारशाला खसखस लावावी तशी ही टिंबे तिथे कायमची चिकटवलेली आहेत, असाच पाहणाऱ्याचा समज होतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. पेशीद्रव्यात मोकळे फिरणारे रायबोझोम आणि जालिकेवरचे रायबोझोम यांच्या रचनेत फरक नसतो. रायबोझोमवर प्रथिनाची साखळी तयार होऊ लागली, की तिचे सुरुवातीचे टोक काय आहे यावर पुढचे ठरते. त्या टोकाशी साधारण १५ ते ३० अमिनो आम्लांचा, पाण्यापासून दूर राहू पाहणारा एक विशिष्ट तुकडा असेल, तर पेशीद्रव्यातला एक कण तो ओळखतो आणि साखळीसकट सगळा रायबोझोम जालिकेच्या पटलावर आणून टेकवतो. मग साखळी तयार होता होताच पटलातल्या छिद्रातून आत सरकते. असा तुकडा नसेल, तर रायबोझोम मोकळाच राहून काम संपवतो. म्हणजे खडबडीतपणा हा पटलाचा जन्मजात गुण नसून बहुतांशी तिथे चालू असलेल्या कामाची खूण आहे. ही कल्पना ब्लोबेल आणि डॉबरस्टाइन यांनी १९७५ मध्ये प्रयोगांनिशी मांडली. ब्लोबेल यांना १९९९ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते याच कामासाठी. इतकी वर्षे झाली, पण शाळेच्या आकृतीतली टिंबे जागची हललेली नाहीत.

आमचा दुसरा आक्षेप ‘वहन’ या शब्दावर आहे. तो वाचून मुलांच्या डोळ्यांसमोर पाटाचे पाणी येते. एका टोकाला प्रथिन सोडले, दुसऱ्या टोकाला मिळाले! पण जालिकेच्या आत प्रथिन नुसते पुढे ढकलले जात नाही. तिथे त्याची घडी बसते, अनेकांना शर्करांची साखळी जोडली जाते, काहींमध्ये गंधकाचे बंध तयार होतात, आणि सुरुवातीचा ओळखीचा तुकडा बहुधा कापून टाकला जातो. इन्शुलिन हे चांगले उदाहरण आहे. ते प्रथम ११० अमिनो आम्लांची एकच साखळी म्हणून बनू लागते. त्यातली पहिली २४ जालिकेतच गळतात, उरलेल्या ८६ ची नीट घडी बसते, आणि पुढच्या टप्प्यांत मधला भाग कापला जाऊन ५१ अमिनो आम्लांचे इन्शुलिन उरते. ज्याची घडी चुकली ते प्रथिन अडवून ठेवले जाते व अखेर मोडीत काढले जाते. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक रोगाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात नेमके हेच होते: एका अमिनो आम्लाच्या अभावाने घडी बिघडते आणि प्रथिन पेशीच्या बाहेरच्या पटलापर्यंत पोचतच नाही. जिथे इतकी तपासणी चालते, त्या जागेला नुसता रस्ता म्हणणे कसे चालेल?

आणि मूळ प्रश्न तर विचारलाच जात नाही. रक्तातले हिमोग्लोबिन तांबड्या पेशीच्या आतच राहते, इन्शुलिन पेशीबाहेर जाते. दोन्ही प्रथिनेच, दोन्ही रायबोझोमवरच बनतात. मग कोणी कुठे जायचे हे ठरते कसे? पाठ या प्रश्नाने सुरू झाला, तर जालिका आपोआप उत्तरात येते. आज उत्तर आधी पाठ होते आणि प्रश्न कायमचा राहून जातो.

हे समजवायला परदेशातल्या प्रयोगशाळेची उदाहरणेच हवीत असे नाही. नांदगाव तालुक्यातल्या मुलाला कांदा काही परका नाही. चाळीत साठवलेला उन्हाळ कांदा, बाजार समितीत ट्रॅक्टरमधून आलेला लाल कांदा, हे सगळे त्याने पाहिलेले असते. अख्खा कांदा हातात घेतला तर डोळ्यांत पाणी येत नाही; कापला की येते. का? कांद्याच्या पेशीत गंधकयुक्त संयुगे पेशीद्रव्यात असतात आणि त्यांचे विघटन करणारे ॲलिनेज हे विकर रिक्तिकेत असते, हे १९८१ मध्ये दाखवले गेले. विळीने पेशी फुटतात, दोघांची गाठ पडते, आणि पुढे आणखी एका विकराच्या मदतीने डोळ्यांना झोंबणारी वाफ तयार होते. हे दुसरे विकर जपानी संशोधकांनी २००२ मध्ये शोधले. आता ॲलिनेज रिक्तिकेत पोचले कसे? लसूण, कांदा यांच्या ॲलिनेजची जनुके १९९२ मध्ये वाचली गेली, तेव्हा साखळीच्या आरंभी तोच ओळखीचा तुकडा सापडला. त्यावर शर्कराही जोडलेल्या असतात. म्हणजे ते खडबडीत जालिकेच्या दारातून आत गेले आणि तिथून पुढे रिक्तिकेत पोचले. तो तुकडा नसता तर विकर पेशीद्रव्यातच राहिले असते, त्या संयुगांच्या शेजारी.

कांद्याचे नाव निघाले म्हणून प्रात्यक्षिकाबद्दलही बोलले पाहिजे. कांद्याचा पापुद्रा, आयोडीनचा थेंब, काचपट्टी: हा प्रयोग अनेक शाळांत होतो आणि तो फार चांगला आहे. पेशीभित्तिका दिसते, केंद्रक दिसते. पण आम्ही पाहिलेल्या काही प्रात्यक्षिक वह्यांत त्याच पेशीत आंतर्द्रव्यजालिका टिंबांसकट काढून तिला नावही दिलेले होते. प्रकाश-सूक्ष्मदर्शकाने वेगवेगळ्या ओळखता येणाऱ्या दोन बिंदूंमधले अंतर सुमारे २०० नॅनोमीटरच्या खाली जात नाही. जालिकेच्या पिशवीची पोकळी सुमारे ५० नॅनोमीटर, तर रायबोझोम २५ ते ३०. शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून ही टिंबे दिसणे शक्यच नाही. न दिसलेली गोष्ट दिसली म्हणून काढायला लावणे ही विज्ञानाच्या तासाची सर्वांत वाईट सवय होय. त्यापेक्षा जालिका चुकीची समजलेली परवडली. दुसरीकडे, पेशीचा बहुतेक भाग व्यापणारी रिक्तिका मुले ‘मोकळी जागा’ म्हणून सोडून देतात. यात आपल्या परिभाषेचाही थोडा हात आहे. रिक्तिका म्हटल्यावर ती रिकामी वाटणारच.

नावांचे म्हणाल तर आंतर्द्रव्यजालिका हे नावही पूर्ण खरे नाही. पोर्टर, क्लॉड आणि फुलम यांनी १९४५ मध्ये कोंबडीच्या गर्भातल्या पेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तेव्हा ही जाळी पेशीच्या आतल्या भागापुरतीच आहे असे वाटले. त्यावरून पुढे पोर्टर यांनी नाव दिले. नंतर ती कडेपर्यंत पोचते हे कळले, पण नाव राहिले. तिची पोकळी केंद्रकाच्या दुहेरी आवरणातल्या पोकळीशी सलग असते. एकावर एक रचलेल्या चपट्या पिशव्यासुद्धा सुट्या नसून गोल जिन्यासारख्या उतारांनी जोडलेल्या असतात, हे २०१३ मध्ये उंदराच्या पेशींच्या अतिशय पातळ छेदांवरून दिसले. सुट्या समांतर रेषा काढणाऱ्या आकृतीत यातले काहीच येत नाही.

पुरावा हाही वगळलेला भाग. १९६० च्या दशकात पॅलेड यांच्या प्रयोगशाळेत गिनीपिगच्या स्वादुपिंडातील पेशींना काही मिनिटे किरणोत्सारी अमिनो आम्ले देण्यात आली. किरणोत्सार आधी खडबडीत जालिकेत, मग गॉल्गी संकुलात, नंतर स्रावाच्या कणांत आढळला. क्रम हा असा घड्याळ लावून सिद्ध झाला आहे, आणि नववी-दहावीच्या मुलांना तो सहज समजतो.

शिक्षकांनी एक करून पाहावे. एक कांदा अख्खाच, आतपर्यंत शिजेल इतका उकडून, निववून मुलांसमोर कापावा. शेजारी दुसरा कच्चा कापावा. उकडलेला झोंबत नाही, कारण उष्णतेने विकराची घडी मोडलेली असते. मग फळ्यावर जालिकेची आकृती काढण्याआधी मुलांना विचारावे, की कच्च्या कांद्यातले विकर कापेपर्यंत कुठे होते आणि तिथे ते कोणत्या वाटेने गेले.