होडी लागते तेव्हा

'टु लगाव' असं एक क्रियापद कधीकाळी इंग्रजीत होतं. अर्थ: होडी किनाऱ्याला किंवा धक्क्याला लावणं. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांच्या 'हॉब्सन-जॉब्सन' (१८८६) या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात ते सापडतं. नोंद मजेशीर आहे. जॉन शेक्सपिअरच्या (नाटककार नव्हे, हा कोशकार) हिंदुस्तानी कोशातली 'लगाना'ची लांबलचक अर्थयादी तिथे उतरवली आहे आणि वर टोमणा, की यात होडीचा अर्थ राहिलाच!

पण खरी गोम व्याकरणात आहे. 'लगाओ' हे आज्ञार्थी रूप. साहेबाने तेच मूळ क्रियापद म्हणून उचललं. 'पकडो' आणि 'बनाओ' यांचंही तसंच झालं. कोश हे नोंदवतो आणि पुढे जातो. मला तिथेच थांबावंसं वाटतं. ज्या भाषेत तुम्ही फक्त हुकूम सोडता, तिची क्रियापदं तुमच्याकडे हुकमाच्याच रूपात येणार. 'लावतो हो, जरा थांबा' म्हणणारा तांडेल त्या इंग्रजीत नाहीच.

आणि 'लागणं' तर मुळीच नाही. मुरुडजवळच्या राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिऱ्याला जा. दरवाजाच्या पायऱ्यांशी होडी 'लागते'. वारा, भरती, सुकाणू, तांडेलाचा हात, सगळ्यांचं जमलं की लागते; कुणी एकाने लावली असं सांगावं लागत नाही. त्याच होडीत एखाद्या पाहुण्याच्या पोटात ढवळायला लागलं, तर त्यालाही होडी 'लागते'. (ढवळायलासुद्धा 'लागलं'च.)

अमिताव घोष यांच्या 'सी ऑफ पॉपीज'मध्ये (२००८) या जातीच्या शब्दांचा पूर आहे. डाउटी हा गोरा पायलट ते तोंडभरून बोलतो. घोष वाक्यावाक्याला अर्थ सांगत बसत नाहीत, आणि ते बरंच आहे: शब्द कळले नाहीत तरी मिजास कळते. हुकमाची भाषा हुकूम सोडणाऱ्यालाच हास्यास्पद करते. डाउटी वाचताना मी खूप हसलो. पण होडी लागण्यातली ती सगळ्यांची मिळून घडणारी गोष्ट त्याच्या बोलण्यात येऊच शकत नाही.

मराठीत ती आहे, तरी आपले अनुवादक इंग्रजी 'मूर' दिसलं की सर्रास 'होडी नांगरली' लिहितात. जंजिऱ्याच्या पायऱ्यांशी होडी घटकाभर टेकते, माणसं उतरतात, ती परत फिरते. तिथे नांगर कुठला?