रेस सोडल्यावर

चेनसॉ फुल रेसमध्ये गरजत असतो तेव्हा त्यात ऐकण्यासारखं फारसं काही नसतं. पेट्रोल भरपूर, हवा भरपूर, बारीकसारीक दोष त्या धबडग्यात बुडून जातात. ऐकायचं ते ट्रिगरवरचं बोट उचलल्यावर. दोन कापांच्या मधे, गडी फांदी ओढून बाजूला करीपर्यंत, मशीनने हातात नुसतं पुटपुटत राहायचं असतं. मेस्त्री लोकांच्या भाषेत हे 'स्लो'. मालवण तालुक्यातल्या कट्ट्याच्या बाजारात दुरुस्तीला येणाऱ्या चेनसॉची हमखास तक्रार याच जागेवरची असते: "रेस सोडली काय बंद पडता."

मिनिटाला साधारण २,७०० ते २,८०० फेरे ही बहुतेक मशीनची स्लोची गती. फेरे साडेतीन-चार हजारांकडे गेले की क्लचचे बूट बाहेर फेकले जातात, ड्रमला धरतात आणि चेन फिरू लागते. म्हणजे खाली घसरलं तर इंजिन मरतं आणि वर चढलं तर हातातली चेन न सांगता चालू होते. मधल्या चिंचोळ्या पट्टीत इंजिन जिवंत आणि चेन स्तब्ध ठेवायची. १६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ मालवणच्या किनाऱ्याजवळून गेलं. रस्त्यांवर, कौलांवर, विजेच्या तारांवर आंबे, फणस, माड आडवे झाले. त्या दिवसांत ज्यांनी ओल्या खोडावर पाय रोवून मशीन चालवलं, त्यांना या पट्टीचं मोल वेगळं सांगायला नको. दर फांदीला नव्याने दोरी ओढावी लागली तर खांदा दुपारपर्यंत टिकत नाही, आणि स्लोला चेन फिरत असेल तर घसरलेल्या पायाची किंमत मांडीला मोजावी लागते.

भजनाच्या डबलबारीत गजर चढतो तेव्हा सगळा मंडप डोलतो, पण मृदंगवाल्याचा हात कळतो तो लय उतरवून तिथेच धरून ठेवताना. चेनसॉही कळतो तो स्लोलाच. हे असं का, याचं उत्तर मुठीत मावणाऱ्या कार्बोरेटरमध्ये आहे.

मोटरसायकलच्या जुन्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट असतो. चेनसॉ आडवा, उभा, उलटा कसाही धरावा लागतो, त्यामुळे तिथे पातळी म्हणून काही राहतच नाही. फ्लोटच्या जागी दोन डायफ्राम आहेत. एक क्रँककेसच्या धडधडीवर हलतो आणि टाकीतलं पेट्रोल ओढून आणतो. दुसरा जेवढं हवं तेवढंच आत सोडतो. त्याच्या एका अंगाला पेट्रोल, दुसऱ्या अंगाला बाहेरची हवा. इंजिनने ओढ घेतली की तो आत दबतो, एक चिमुकली लिव्हर हलवतो, लिव्हर सुई उचलते आणि पेट्रोल आत येतं. फुल रेसला ही ओढ दांडगी असते. स्लोला मात्र थ्रॉटलची चकती जवळजवळ मिटलेली, मोठं जेट गप्प, आणि लागेल तेवढं पेट्रोल चकतीच्या कडेपाशी असलेल्या बारीक भोकातून यायचं. एवढ्या क्षीण ओढीला ओ द्यायची तर डायफ्राम मऊच हवा. तो थोडासा ताठरला तरी मोठ्या आवाजात निभावून जातो, स्लोला पकडला जातो. मला ही रचना आवडते ती याच कारणासाठी. यंत्र जिथे सर्वांत कमी काम करतं, तिथेच ते सर्वांत खरं बोलतं.

आणि प्रत्येक दोषाचं बोलणं निराळं. टाकीच्या झाकणाची हवा बुजली असेल तर मशीन दहा-पंधरा मिनिटं छान चालतं, मग दम लागल्यासारखं खाली बसतं. झाकण सैल केलं की फुस्स होतं आणि पुन्हा सगळं ठीक. सुई नीट बसत नसेल तर आवाज जाड होत जातो, धूर वाढतो, मशीन पेट्रोलने भरून येतं आणि गुदमरून थांबतं. प्लग काढला तर ओला. पेट्रोल कमी पडत असेल तर रेस सोडताक्षणी पटकन बंद, आणि अर्धा चोक ओढला की शहाण्यासारखं चालतं.

पण माझ्या मते ऐकण्यासारखा दोष एकच, हवा ओढणाऱ्या मशीनचा. रेस सोडली तरी फेरे लगेच उतरत नाहीत. ते वरच लटकून राहतात, आवाज पातळ आणि कोरडा होतो, मग उशिराने खाली येतो आणि कधी थांबेल याचा नेम नाही. मशीन नाकावर उभं केलं की सूर बदलतो. कार्बोरेटर आणि सिलिंडरमधल्या रबरी बुटाला चीर गेलेली असते किंवा क्रँकचं ऑइल सील गेलेलं असतं. हिशेबाबाहेरची हवा आत शिरते आहे, आणि कार्बोरेटरचा स्क्रू कितीही फिरवला तरी ती हिशेबात येणार नाही. चालू मशीनच्या बुटाभोवती क्लीनरचा फवारा मारावा. एका विशिष्ट जागी आवाज हलला की चीर तिथेच.

कट्ट्याच्या बाजारातल्या एका मेस्त्रींचं काम बघणं हा चांगला अनुभव आहे. ते स्क्रूला सर्वांत शेवटी हात लावतात. मशीन बहुधा तिन्ही स्क्रू आधीच फिरवून आलेलं असतं, हे त्यांना ठाऊक असतं. एअर फिल्टर, प्लग, सायलेन्सरच्या जाळीवरची काजळी, हे झटपट उरकतं. मग अर्धा चोक, मान तिरकी, डोळे दुसरीकडेच. एके दिवशी मी बघत असताना आलेलं मशीन चोकवर सुधारलं. त्यांनी कार्बोरेटर उतरवला, चार बारीक स्क्रू काढून झाकण उघडलं, डायफ्राम नखाने दाबला. तो कटकट वाजला.

"मिरगाच्या आदीचा पेट्रोल मा?"

"व्हय. अर्धी टाकी होती, तशीच ठेवलंय."

निदान झालं. आपल्याकडे मशीन चालतं ते एप्रिल-मेमध्ये, पावसाआधी लाकडांची बेगमी करताना. मग ते पडवीत टांगलं जातं ते दिवाळीपर्यंत. आजच्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते दमट हवेतलं पाणी ओढून घेतं आणि रबराला सोसत नाही. उडून गेलेल्या पेट्रोलचा चिकट थर नेमका त्या बारीक भोकांत बसतो. मेस्त्रींनी भोकं फवाऱ्याने साफ केली. तार घातली नाही, कारण भोक किंचित मोठं झालं तरी कार्बोरेटरचा हिशेब कायमचा चुकतो. नवा डायफ्राम बसवला.

आता स्क्रू. स्लोच्या मिश्रणाचा स्क्रू, एल, अलगद पूर्ण आत, मग एक फेरा बाहेर. मशीन तापू दिलं. एल थोडा इकडे-तिकडे फिरवून फेरे सर्वाधिक होतात ती जागा शोधली, आणि तिथून पाव फेरा बाहेर आले. मिश्रण थोडं जाड झालं आणि बोट दाबताच मशीनने अडखळ न घेता उडी मारली. फुल रेसच्या मिश्रणाच्या स्क्रूला, एचला, त्यांनी हात लावला नाही, तिथे कंजुषी केली तर पिस्टन जाम होतो. हल्ली एम-ट्रॉनिक, ऑटोट्यून अशी मशीन येतात, त्यांचं मिश्रण इलेक्ट्रॉनिक्स आपोआप जुळवून घेतं. सोय मोठी आहे, पण हा पाव फेरा तेवढा गेला.

गिऱ्हाईक म्हणालं, "जरा वाढवन ठेवा, म्हणजे बंदच पडाचा नाय."

स्लोची गती ठरवणारा तिसरा स्क्रू आत केला की चकती उघडी राहते आणि कसलंही आजारी मशीन चालू राहतं. दोष झाकण्याची ही सर्वांत स्वस्त युक्ती, आणि पुष्कळ ठिकाणी दुरुस्ती म्हणून हीच खपते. मेस्त्रींनी ब्रेक सोडला, मशीन उचलून धरलं, स्लोला चेन जागची हलत नाही हे त्याला दाखवलं. "वाढवन देतलंय, पण मांडी तुझी जातली."

मग मशीन डावीकडे, उजवीकडे, नाकावर, शेपटावर धरून पाहिलं. सूर ढळला नाही. पैसे घेताना एवढंच बजावलं, "मिरगाआदी टाकी रिकामी कर आणि बंद पडासर स्लोवर चलव."

"आता बंद पडता म्हणान तर हाडलंय तुमच्याकडे," गिऱ्हाईक म्हणालं, आणि मशीन स्कूटरच्या पायाशी ठेवून पेंडूरच्या रस्त्याला लागलं.