घर नसलेला हंगाम

तत्त्वज्ञानाच्या माणसाने फुटबॉलवर बोलायचं, तेही नाशकात, म्हणजे काहींना गंमत वाटेल. आपल्याकडे मैदान म्हटलं की क्रिकेटच. पण आज मी एका फुटबॉल हंगामाची समीक्षा करणार आहे, नाटकाची किंवा कादंबरीची करतात तशीच. हंगाम आहे इंडियन सुपर लीगचा, २०२०-२१ चा. आपल्या राज्याचा मुंबई सिटी हा संघ त्यात जिंकला. जिंकला याबद्दल वाद नाही. काय जिंकला आणि तो 'आपला' कसा, याबद्दल मात्र बोलायला हवं.

एक जुनं हत्यार सोबत घेऊ. न्यायशास्त्रात लक्षणाचे तीन दोष सांगतात. गाय म्हणजे काय? तांबूस रंगाची ती, असं म्हटलं तर पांढरी गाय सुटते, ही अव्याप्ती. शिंगं असलेली ती, म्हटलं तर म्हैसही आत शिरते, ही अतिव्याप्ती. आणि अखंड खुराची ती, म्हटलं तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव. विद्यार्थी हे पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. त्यांचं चुकत नाही, कारण गाईवरून आपला कधी गोंधळ होतच नाही. 'लीग', 'घरचं मैदान', 'विजेता' या शब्दांवरून मात्र तो होतो.

लीग म्हणजे काय? प्रत्येक संघ प्रत्येकाशी खेळतो, एकदा आपल्या घरी, एकदा त्याच्या घरी. महामारीमुळे त्या वर्षी सगळी स्पर्धा गोव्यात नेली. मडगावचं फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान, अशी तीनच मैदानं. अकरा संघ, प्रत्येकाचे २० सामने, साखळीत एकूण ११० सामने. प्रेक्षक एकही नाही. खेळाडू महिनोन्‌महिने हॉटेलांत कोंडलेले. टीव्हीवर गर्दीचा आवाज यायचा तो यंत्रातून घातलेला. आणि तरी वेळापत्रकात प्रत्येक सामन्याला एक संघ 'यजमान' म्हणून छापलेला! केरळचा संघ बांबोळीत यजमान. हा सरळसरळ असंभव दोष आहे. अखंड खुराची गाय.

नियम करणाऱ्यांनाही ते आतून ठाऊक असावं. पाहुण्या संघाचा गोल बरोबरीत जास्त मोलाचा धरायचा, अशी फुटबॉलमध्ये एक जुनी रीत होती. उपांत्य फेरीत गोवा आणि मुंबई यांचा पहिला सामना २-२ सुटला, दुसरा ०-०. पहिल्यात कागदोपत्री यजमान गोवा. ती रीत धरली असती तर मुंबई तिथेच अंतिम फेरीत गेली असती. धरली नाही. पेनल्टीवर ६-५ असा निकाल लागला. म्हणजे वेळापत्रक म्हणतं घर आहे, आणि गोल मोजताना म्हणतात घर नाही.

सगळ्यात विचित्र प्रसंग २७ नोव्हेंबर २०२० चा. मोहन बागान १८८९ चा क्लब, ईस्ट बंगाल १९२० चा. १९९७ साली या दोघांचा एक सामना पाहायला कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर सव्वा लाखाहून जास्त लोक आले होते. आयएसएलमधली त्यांची पहिली गाठ पडली ती वास्कोला, रिकाम्या मैदानात. त्यातही मोहन बागान आता एटीके या कंपनीवाल्या क्लबशी जोडून 'एटीके मोहन बागान' झालेला. बागान २-० जिंकला. मी तो सामना पाहिला. खेळ व्यवस्थित होता. पण कीर्तनकाराने रिकाम्या देवळात आख्यान लावावं, तसं काहीतरी.

आता म्हणाल, महामारी होती, दुसरं काय करणार? बरोबर. खेळवलं हे चांगलंच केलं. माझा आक्षेप गोव्याला नेण्यावर नाही. महामारीने फक्त झाकण उचललं, आत जे होतं ते आधीपासूनचंच.

बघा ना. मुंबई सिटीचा प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा. तो आधी एफसी गोवाचा. त्याच्यामागून मुर्तदा फॉल, अहमद जाहू, ह्युगो बूमूस आणि आपला गोव्याचा मंदार राव देसाई हेही गोव्याहून मुंबईत आले. आदल्या हंगामात लीग शील्ड जिंकलेल्या गोव्याच्या संघाचा कणाच उचलून आणला. क्लबचा मोठा हिस्सा २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीवाल्या सिटी फुटबॉल ग्रुपने घेतलेला. गोव्याच्या कण्याचा, परदेशी मालकीचा संघ गोव्यातच राहून, गोव्यालाच हरवून मुंबईचा म्हणून अंतिम फेरीत गेला. त्या पेनल्टीतला शेवटचा निर्णायक गोलही राऊलिन बोर्जेस या गोमंतकीयाचाच. एकेक फळी बदललेलं जहाज तेच का, हा ग्रीकांचा प्रश्न. इथे फळ्या दुसऱ्या जहाजाला लावल्या आणि नावाच्या पाट्या तेवढ्या आपापल्या जागी राहिल्या.

पण खेळ! इथे मी उणं बोलणार नाही. लोबेराचा संघ चेंडू उंच भिरकावून देत नसे. गोलरक्षकापासून छोट्या पासांनी रचत वर यायचा. यात धोका असतो, कारण आपल्याच गोलासमोर चेंडू गमावला तर शिक्षा ताबडतोब. १३ मार्च २०२१ च्या अंतिम सामन्यात नेमकं हेच झालं. अठराव्या मिनिटाला जाहूकडून रॉय कृष्णाने चेंडू हिसकावला आणि डेव्हिड विल्यम्सने गोल केला. दुसरा एखादा संघ घाबरून लांब लाथा मारू लागला असता. जाहू चेंडू मागतच राहिला. एकोणतिसाव्या मिनिटाला त्याच जाहूने लांबवर अचूक चेंडू टाकला, आणि तो अडवताना बागानच्या तिरीचं डोकं लागून स्वयंगोल झाला. पहिल्या गोलाचं माप जाहूच्या पदरात घालायचं आणि दुसरा नशिबाचा म्हणायचा, हा अन्याय आहे. दोन्ही गोल एकाच वृत्तीची फळं. जी वृत्ती कधी बुडवत नाही ती तारतही नाही, हे त्या अकरा मिनिटांत जितकं स्वच्छ दिसलं तितकं मला वर्गात कधी दाखवता आलं नाही. मुंबईकर अमेय रानवडेला त्या सामन्यात डोक्याला मार लागून इस्पितळात न्यावं लागलं, खेळ बराच वेळ थांबला. मग नव्वदाव्या मिनिटाला गोलरक्षक अरिंदम पुढे येऊन फसला, ओगबेचेने चेंडू राखून बिपिन सिंगला दिला. २-१.

आता 'विजेता'. या लीगमध्ये तेव्हा साखळीत पहिला येणाऱ्याला शील्ड मिळायची, आणि नंतरच्या बाद फेऱ्या जिंकणाऱ्याला ट्रॉफी. 'चॅम्पियन' म्हणायचे ते दुसऱ्याला. त्या वर्षी मुंबई आणि बागान दोघांचे गुण ४०. शेवटच्या साखळी सामन्यात, २८ फेब्रुवारीला, बागानला बरोबरी पुरत होती. फॉलने सुरुवातीलाच गोल केला, पुढे ओगबेचेने दुसरा, आणि मुंबई आपसांतल्या निकालावर पहिली. मग ट्रॉफीही तिचीच. त्यामुळे प्रश्न झाकला गेला. पण आदल्याच वर्षी साखळीत पहिला आला गोवा आणि 'चॅम्पियन' झाला एटीके. महिनोन्‌महिने सगळ्यांत चांगला खेळलेला संघ या लक्षणातून सुटतो, ही अव्याप्ती. तीन चांगल्या संध्याकाळी साधलेला आत शिरतो, ही अतिव्याप्ती. माझ्या लेखी २०२०-२१ ची मुंबई विजेती ठरली ती फेब्रुवारीत. मार्चमधला सामना सुंदर होता, पण तो वेगळ्या स्पर्धेचा.

आणि तळाचं काय? ओडिशा एफसीचे २० सामन्यांत १२ गुण. मुंबईने त्यांना ६-१ हरवलं, बिपिनचे त्यात तीन गोल. पुढच्याच सामन्यात ओडिशाने ईस्ट बंगालला ६-५ हरवलं. अकरा गोल! लोकांनी मजा लुटली. मला मात्र तो हंगामातला सर्वांत उदास सामना वाटला. दोन्ही संघांना मिळवायचं काही नाही आणि गमवायचंही काही नाही, कारण त्या लीगमधून कोणी खाली जातच नव्हतं. वर यायचं दारही तेव्हा बंद.

दार उघडं असलं की काय होतं, ते आय-लीगमध्ये दिसलं होतं. मिझोरामचा ऐजॉल २०१६ मध्ये पदावनत होऊन बाहेर पडला. आयएसएललाच वरचा दर्जा देण्याच्या योजनेचा निषेध म्हणून गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली, म्हणून ऐजॉलला परत बोलावलं. पुढच्याच हंगामात, ३७ गुणांनी, मोहन बागानपेक्षा एकाच गुणाने पुढे राहून तो विजेता झाला! प्रशिक्षक खालिद जमील, म्हणजे महिंद्रा युनायटेडचा जुना खेळाडू, मुंबई एफसीला अनेक वर्षं सांभाळणारा. योगायोग असा की त्याच हंगामात ती मुंबई एफसी तळाला जाऊन बाहेर पडली. महिंद्रा तर २०१० मध्येच बंद झाली होती. खालिद २०२०-२१ मध्येही आहे बरं का. नॉर्थईस्टची सूत्रं त्याने मध्येच हाती घेतली आणि संघ उपांत्य फेरीत नेला. त्या हंगामात मुंबईला दोन्ही सामन्यांत हरवणारा संघ हाच. पुढे २०२५ मध्ये तो भारताचा प्रशिक्षक झाला.

मला कोल्हापूर आठवतं ते इथे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींचे सामने होतात तेव्हा घर कुणाला वेळापत्रकात शोधावं लागत नाही, पेठच येते. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या हंगामात गोव्यात खेळत होता, जमशेदपूरसाठी. एक खेळाडू तिथून वर गेला. पण पाटाकडीलला, सगळे सामने जिंकले तरी, तिथवर जायचा रस्ता होता का? मला विचाराल तर त्या हंगामावरचा सगळ्यात मोठा आक्षेप हा, आणि त्याचा महामारीशी काही संबंध नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतून कोणीतरी मघापासून हात वर करून आहे.