एकच बग दोनदा: पीएलआयसी ड्रायव्हरचे तीन पॅच

सुट्टीत सांगोल्याला घरी आलो की कुणीतरी हमखास विचारतं, "दादा, पीएचडीच्या इंटरव्ह्यूला ऑपरेटिंग सिस्टिमचं काय वाचून जाऊ?" पूर्वी मी पुस्तकांची नावं सांगायचो. आता सांगतो, कर्नलमधला एक लहान ड्रायव्हर घ्या आणि त्याचा इतिहास वाचा. पेपरमधला दावा तपासायला आपण शिकतो, तसाच पॅचच्या मजकुरातला दावाही तपासता येतो. आणि इथे दावा चुकला तर नुसतं रिजेक्शन येत नाही, कुणाचं तरी मशीन गोठतं.

आजचा नमुना म्हणजे लिनक्समधला पीएलआयसीचा ड्रायव्हर. पीएलआयसी हा रिस्क-फाइव्ह प्रोसेसरमधला इंटरप्ट कंट्रोलर. ड्रायव्हर २०१८ मध्ये ४.१९ आवृत्तीत आला, फाइल अगदी छोटी आहे. आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे दोन्ही रिस्क-फाइव्ह घराण्यातलेच, त्यामुळे या क्षेत्रात आपल्याकडे काम करायचं तर असलं काहीतरी वाचावं लागणारच.

आधी हार्डवेअर समजून घेऊ. समजा, डाळिंबाच्या मार्केट यार्डाच्या गेटवर एक वॉचमन आहे. प्रत्येक शेतकऱ्याचा एका वेळी एकच टेम्पो तो आत सोडतो. आतला अडत्या टेम्पो ताब्यात घेतो, माल उतरवतो आणि "टेम्पो मोकळा झाला" अशी चिठ्ठी गेटवर पाठवतो. चिठ्ठी मिळाल्याशिवाय त्या शेतकऱ्याचा पुढचा टेम्पो आत येत नाही. इथे टेम्पो म्हणजे इंटरप्ट, अडत्या म्हणजे कोअर. ताब्यात घेणं म्हणजे क्लेम, चिठ्ठी म्हणजे कम्प्लिशन. कर्नलवाले तिला ईओआय म्हणतात. प्रत्येक अडत्याची एक यादीही वॉचमनकडे असते, कुणाचा माल त्याच्याकडे सोडायचा याची. ती यादी म्हणजे एनेबल बिट.

आता खरी गोम. स्पेसिफिकेशन म्हणतं की चिठ्ठी पाठवणाऱ्याच्या यादीत त्या घटकेला ते नाव नसेल, तर चिठ्ठीकडे दुर्लक्ष केलं जातं. गुपचूप. एरर नाही, काही नाही. नंतर नाव पुन्हा यादीत आलं तरी वॉचमन जुन्या चिठ्ठीची वाट बघत बसतो, आणि तो शेतकरी कायमचा गेटबाहेर.

२०२१ मध्ये नेमकं हेच झालेलं सापडलं. तेव्हा ड्रायव्हर इंटरप्ट मास्क करायचा, म्हणजे तात्पुरता गप्प करायचा, तो एनेबल बिट काढून. थ्रेडेड इंटरप्ट वनशॉट पद्धतीने मागितला की थ्रेडचं काम संपेपर्यंत इंटरप्ट मास्क राहतो. त्या काळात गेलेला ईओआय वाया जायचा. पहिला इंटरप्ट यायचा, दुसरा कधीच नाही. उपाय साधा होता: मास्क असेल तर आधी उघडा, ईओआय लिहा, परत मास्क करा. जरा ओबडधोबड, पण चालणारा.

२०२२ चा पॅच मला तिन्हींत सगळ्यात आवडतो, आणि चूक त्यातच आहे. त्याचं म्हणणं असं की मास्कसाठी एनेबल बिटला हात लावायचाच कशाला? एका रजिस्टरमध्ये ३२ इंटरप्टचे बिट दाटीवाटीने बसलेत. एक बदलायचा तर वाचा, बदला, परत लिहा, आणि त्यासाठी स्पिनलॉक घ्या. उलट प्रायॉरिटीचं रजिस्टर प्रत्येक इंटरप्टला वेगळं असतं. तिथे शून्य लिहिलं की इंटरप्ट गप्प. एकच राइट, लॉकची गरज नाही. नाव यादीत तसंच राहतं, म्हणून ईओआय वाया जात नाही. मग २०२१ ची ती उघड-लिही-झाक कसरत काढून टाकली.

हा पॅच अज्ञानातून आलेला नाही हे लक्षात घ्या. स्पेसिफिकेशनमधलं ते "गुपचूप दुर्लक्ष"वालं वाक्य त्याच्या मजकुरातच दिलेलं आहे. लेखकाला धोका माहीत होता. युक्तिवाद असा: मास्क आता एनेबल बिटला हात लावत नाही, म्हणून ईओआयच्या वेळी एनेबल बिट चालूच असेल. पहिलं विधान खरं, पण त्यातून दुसरं निघत नाही. एनेबल बिट बदलणारे मास्कशिवाय आणखी कोण आहेत, हा प्रश्न रिव्ह्यूमध्ये यायला हवा होता.

एका सेमिनारसाठी मी स्वतः हा पॅच वाचला होता. माझा शेरा होता: "स्वच्छ, सोपा, मंजूर." मी जोडलेल्या ओळी वाचल्या. काढलेल्या ओळींवरून नजर फिरवली आणि वाटलं, बरं झालं, कचरा गेला. गिट ब्लेम लावून त्या ओळी कुठून आल्या हे पाहायला दोन मिनिटं लागली असती. आता माझी सवय उलटी आहे, आधी लाल रंगातल्या ओळी, मग हिरव्या.

उत्तर २०२४ च्या पॅचमध्ये मिळतं. एक कोअर इंटरप्ट क्लेम करतो. त्यानंतर त्या इंटरप्टच्या नोंदीचं लॉक घ्यायला थोडा वेळ जातो, आणि तेवढ्या फटीत दुसरा कोअर तोच इंटरप्ट डिसेबल करू शकतो. नाव यादीतून गेलं, चिठ्ठी नंतर पोचली, वॉचमनने टाकून दिली. फट अगदी बारीक असल्यामुळे साध्या टेस्टमध्ये ती सापडणं अवघड. आणि सापडते तेव्हा "नेटवर्क कार्ड खराब आहे वाटतं" अशा रूपात सापडते. माणूस केबल बदलत बसतो.

या पॅचचा मजकूर प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावा असा आहे. आधीच्या दोन्ही पॅचची नावं, पहिल्याने काय केलं, दुसऱ्याने काय गृहीत धरलं, ते गृहीतक कुठे मोडतं, आणि वापरणाऱ्याला काय दिसतं, सगळं काही वाक्यांत. कुणाला टोमणा नाही. प्रायॉरिटीने मास्क करण्याची चांगली कल्पना त्याने तशीच ठेवली. फक्त ईओआयच्या वेळी इंटरप्ट डिसेबल असेल तर थोडा वेळ एनेबल करून चिठ्ठी पाठवायची, एवढंच वाढवलं. पेपरमधलं "आधीचं काम" हे प्रकरण असं लिहिता आलं पाहिजे.

तरी माझी एक तक्रार उरते. इंटरप्ट डिसेबल आहे का, हे तो पॅच कर्नलच्या स्वतःच्या नोंदीला विचारतो, हार्डवेअरच्या बिटला नाही. एरवी दोन्ही जुळतात. पण अॅफिनिटी बदलली, म्हणजे इंटरप्ट एका कोअरकडून दुसऱ्याकडे दिला, तर जुन्या कोअरच्या यादीतून नाव जातं, आणि कर्नलच्या नोंदीत मात्र इंटरप्ट चालूच असतो. जुना कोअर तेव्हा तोच इंटरप्ट हाताळत असेल तर त्याची चिठ्ठी कुठे जाईल? मूळ फाइल उघडा, अॅफिनिटी बदलणारं फंक्शन आणि ईओआयचं फंक्शन शेजारी शेजारी ठेवा, आणि कोणत्या क्रमाने काय घडलं तर चिठ्ठी हरवेल ते कागदावर मांडा. मला पूर्ण एक संध्याकाळ लागली.