भुतांना मी मुलगी आहे हे माहीत नव्हतं

आमच्या गावात एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत एक व्हिडिओ गेम पार्लर होतं. नाव पार्लर, प्रत्यक्षात पत्र्याची एक लांबट खोली. दारावर मळका पडदा, आत चार मशीन, दोन स्टुलं आणि टोकन देणारा एक कंटाळलेला माणूस. हे सगळं मला दादाने सांगितलंय, कारण मी त्या पडद्याच्या आत कधीच गेले नाही. १९९५ साली मी दहा वर्षांची होते. दादा आत जायचा आणि मी बाहेर त्याची सायकल धरून उभी राहायचे. पडद्याखालून आवाज यायचे, बटणं बडवल्याचे, कुणीतरी आउट झाल्याचे, शिव्यांचे. मुलींनी आत जायचं नसतं असं मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच पडली नाही.

त्यामुळे जुन्या व्हिडिओ गेमबद्दल लिहायला बसलं की माझी पंचाईत होते. या विषयावर जे लिहिलं जातं ते बहुतेक स्मरणरंजन असतं. काय ते दिवस, काय ते टोकन, काय ती मजा! माझ्या वाट्याला त्यातलं निम्मंच आलं. मला आर्केड आठवत नाही, आर्केडबाहेरची सायकल आठवते. तरीही गेल्या दोन-तीन वर्षांत मी हे खेळ पुन्हा खेळले, त्यातले काही तर पहिल्यांदाच, आणि ते मला मनापासून आवडले. का आवडले? नुसतं लहानपण आठवतं म्हणून आवडत असतील तर तो माझा खासगी मामला झाला. तुमच्यापैकी ज्यांनी आयुष्यातला पहिला गेम फोनवर खेळला, त्यांनी माझ्या आठवणींत वेळ का घालवावा?

म्हणून मी एक परीक्षा घ्यायची ठरवली. दादाची मुलगी तेरा वर्षांची आहे. तिला १९९५शी काही देणंघेणं नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती माझ्याकडे आली तेव्हा आम्ही दोघींनी हे खेळ लॅपटॉपवर ओळीने खेळून पाहिले. त्यातून माझं जे मत झालं ते इथे मांडते. या खेळांचा खरा गुण म्हणजे त्यांचा निःपक्षपातीपणा. आपण कोण आहोत हे त्यांना कळत नाही, आणि त्यांची मजा बरीचशी त्यातूनच येते.

पंचावन्न शत्रू, एका वेळी एक

सुरुवात 'स्पेस इन्व्हेडर्स'पासून. जपानच्या तैतो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी १९७८ साली हा खेळ बनवला. कल्पना, चित्रं, प्रोग्रॅम, इतकंच काय आतलं सर्किटसुद्धा बरंचसं त्यांनी एकट्याने केलं. खेळ सांगायला दोन वाक्यं पुरतात. वर ५ रांगांत ११-११ असे ५५ परग्रहवासी, खाली तुमची एक तोफ आणि चार आडोसे. ते डावी-उजवीकडे सरकत सरकत एकेक पायरी खाली उतरतात, ते जमिनीला टेकायच्या आत तुम्ही त्यांना उडवायचं.

भाचीने पहिल्या पाच मिनिटांत तोंड वाकडं केलं. "फार स्लो आहे गं आत्या." मग निम्मे शत्रू मेले आणि ती खुर्चीच्या कडेवर आली. शेवटचे तीन उरले तेव्हा ती ओरडत होती.

हे का होतं? मशीनचा प्रोसेसर आजच्या मानाने अगदीच दुबळा. स्क्रीनवरचं चित्र सेकंदाला साधारण ६० वेळा बदलतं आणि दर वेळी प्रोग्रॅम एकाच परग्रहवाशाला पुढे सरकवतो. म्हणजे ५५ जण असताना अख्ख्या फौजेचं एक पाऊल पडायला जवळपास एक सेकंद लागतो. दहा उरले की तेच पाऊल पाचव्या हिश्शाहून कमी वेळात पडतं. एकच उरला की दर वेळी त्याचाच नंबर, मग तो सुसाट पळतो. मशीनची ही मर्यादा निशिकादोंनी तशीच ठेवली, आणि खेळातलं सगळं नाट्य तिच्यातून आलं. सोबत खर्जातले चार उतरते सूर सतत वाजत असतात, तेही फौजेबरोबर जलद होत जातात. आपल्या छातीतले ठोके कुणीतरी बाहेर वाजवतंय असं वाटतं.

यात मला आवडतो तो न्याय. तुम्ही जितकं चांगलं खेळाल तितकं तुमचंच काम अवघड होतं. ते कुणी मुद्दाम अवघड करत नाही, तुमच्या प्रत्येक नेमाचा तो थेट परिणाम असतो. एक फौज संपली की दुसरी येते, आधीपेक्षा खालून सुरुवात करून. या खेळात जिंकणं नाही. तुम्ही हरणारच आहात, प्रश्न फक्त कधी एवढाच.

इथे भाबडेपणाही नको. ज्या यंत्रात नाणं टाकावं लागतं त्यात खेळणारा लवकर हरला तर मालकाचा फायदा असतो. हे खेळ अवघड होते त्यामागे धंदा होताच. पण धंदा करणाऱ्या त्या यंत्राला खिसा दिसत नव्हता. पंधरा टोकनं घेऊन आलेल्याला आणि एकच टोकन घेऊन आलेल्याला तो एकाच वेगाने मारत होता.

घाबरट केशरी भूत

'पॅक-मॅन' १९८० साली आला. तो नामको कंपनीत तोरू इवातानी यांनी केला. त्या वेळी जपानी आर्केडमध्ये गोळीबाराच्या खेळांचा सुळसुळाट होता आणि खेळणारे बहुतेक पुरुष होते. इवातानींना असा खेळ हवा होता जो खेळायला बायका येतील, जोडपी येतील. बायकांना काय आवडेल याचा विचार करताना त्यांना खाणं सुचलं, असं त्यांनी मुलाखतींत सांगितलंय. हे वाचून मी आधी हसले आणि मग थोडी चिडले. पण आर्केडच्या दाराशी उभ्या असलेल्या मुलीचा विचार निदान एका माणसाने केला होता, हेही खरं.

गंमत म्हणजे खेळातला सगळ्यात सरस भाग खाणं नाही, पाठलाग आहे. एका चक्रव्यूहात २४० ठिपके आणि ४ मोठ्या गोळ्या, आणि मागे चार भुतं. पहिल्यांदा खेळताना ती वाटेल तशी भटकतायत असं वाटतं. तसं नसतं. लाल भूत तुम्ही जिथे आहात तिथे येतं. गुलाबी भूत तुमच्या तोंडासमोर चार घरं पुढे पोचायला बघतं, म्हणून ते आडवं येतं. निळं भूत लाल भुताची जागा आणि तुमची दिशा यांचा मेळ घालतं, म्हणून त्याचा अंदाज सगळ्यात अवघड. केशरी भूत तुमच्याकडे येतं, पण आठ घरांच्या आत आलं की आपल्या कोपऱ्याकडे वळतं. अधूनमधून चौघंही काही सेकंद आपापल्या कोपऱ्यात जातात, तेव्हा तुम्हाला श्वास घेता येतो.

हे मी वाचून शिकले होते. भाचीला मी यातलं काहीच सांगितलं नाही. अर्ध्या तासाने ती म्हणाली, "आत्या, हा केशरीवाला घाबरट आहे. जवळ येतो आणि पळतो."

त्या वाक्याने माझी शंका फिटली. स्मरणरंजनाचा तिथे काही संबंध नव्हता. चार साध्या नियमांतून चार स्वभाव उभे राहिले होते आणि एका मुलीने ते खेळता खेळता वाचले होते. कादंबरी वाचताना एखादं पात्र पुढे काय करील हे आपल्याला कळायला लागतं, तसाच हा आनंद. शिवाय ही भुतं शब्दाची पक्की. तुम्ही तीच वाट तशाच वेळेत धरलीत तर तीही त्याच वाटेने येतात. म्हणून लोकांनी अख्ख्या वाटा पाठ केल्या. आज नवशिक्या आहे म्हणून गुलाबी भूत दया दाखवत नाही आणि उद्या तरबेज झालीस म्हणून डावही बदलत नाही. पातळ्या वाढल्या की वेग वाढतो, पण तो सगळ्यांसाठी सारखाच.

याही खेळाला शेवट ठेवलेला नाही. पण पातळीचा आकडा ज्या जागेत साठवला जातो तिच्यात २५५पर्यंतचेच आकडे मावतात. २५६व्या पातळीला हिशेब कोलमडतो, स्क्रीनच्या उजव्या अर्ध्या भागात अक्षरांचा आणि तुकड्यांचा कचरा दिसतो आणि पुढे जाताच येत नाही. कितीही मोठ्या खेळाडूला तिथे थांबावंच लागतं.

हिरवा रणगाडा

आता घरातल्या खेळाकडे येते, कारण मी खरी खेळले ती तिथे. १९९६च्या दिवाळीत मामाने आम्हाला टीव्ही गेम आणला. निन्टेन्डोने १९८३ साली जपानमध्ये काढलेल्या फॅमिकॉमची ती नक्कल होती, हे मला वीस वर्षांनी कळलं. कॅसेटवर लिहिलं होतं '९९९९ इन १'. त्यात पंधरा-वीसच खेळ होते, तेच पुन्हा पुन्हा वेगळ्या नावाने येत. 'मारिओ' त्यात होता, पण आमच्या घरात राज्य होतं 'बॅटल सिटी'चं. आम्ही त्याला 'टँक' म्हणायचो. नामकोने १९८५ साली जपानी फॅमिकॉमसाठी काढलेला हा खेळ आपल्याकडे अशा कॅसेटींमधूनच घरोघर पोचला.

खाली मधोमध विटांच्या भिंतीत एक गरुड. वरून शत्रूचे रणगाडे येतात, प्रत्येक पातळीत वीस. गरुड फुटला की खेळ खलास, तुमच्या कितीही लाईफ उरलेल्या असोत. दोघांनी मिळून खेळता येतं. पहिला रिमोट पिवळा रणगाडा, दुसरा हिरवा. दुसरा रिमोट कायम माझा. आणि खेळ सुरू झाला की दादाचं वाक्य ठरलेलं, "मी पुढे जातो, तू गरुडापाशी थांब."

या खेळाची रचना किती बारकाईने केली आहे हे मला आत्ता मोठेपणी दिसलं. सोबत्याची गोळी लागली तर तुम्ही मरत नाही, काही क्षण जागेवर खिळून राहता. म्हणजे भांडायला जागा ठेवलीय, पण खून करायला नाही. तुमच्या स्वतःच्या गोळीनेही गरुड फुटू शकतो, म्हणून रक्षण करणाऱ्यालाच सगळ्यात जास्त सांभाळून राहावं लागतं. आणि हिरवा रणगाडा पिवळ्याहून कणभरही कमी नाही. तोच वेग, तीच गोळी. दुय्यम तो आमच्या खोलीत होता, कॅसेटमध्ये नव्हता.

एका रविवारी मी गरुड सोडून पुढे गेले. दादा ओरडत राहिला. पातळी संपली आणि स्क्रीनवर नेहमीचा हिशेब आला, कुणी किती मारले त्याचा, दोघांचे आकडे शेजारी शेजारी. पिवळा ६, हिरवा १४. दादा म्हणाला, "माझा रिमोट बिघडलाय." आईने आतून विचारलं, कसला आरडाओरडा चाललाय. टीव्हीवर ६ आणि १४ शांतपणे उभे होते. त्या वयात मला माझ्याबद्दल इतकं स्वच्छ विधान दुसऱ्या कुणी केल्याचं आठवत नाही.

आणि तुमच्या हातातला फोन

आता तुम्ही म्हणाल, आजचे खेळ वाईट आहेत असं हिला म्हणायचंय. तसं नाही. २०१८च्या 'सेलेस्ट'मध्ये खेळाचा वेग कमी करायची, न थकता चढायची सोय आहे. ती कधी वापरायची ते खेळणारा ठरवतो. जुने खेळ या बाबतीत क्रूर होते. ज्याच्या बोटांना तो वेग झेपत नाही त्याला ते बाहेर ठेवायचे. निःपक्षपातीपणाला ही आंधळी बाजूही असते.

माझी तक्रार फोनवरच्या अनेक फुकट गेमबद्दल आहे. भाचीच्या फोनवर रंगीत गोळ्या फोडायचा एक गेम आहे. लाईफ संपल्या की थांबा, जाहिरात बघा किंवा पैसे भरा. दोन दिवस उघडला नाही तर 'तुझी आठवण येतेय' असा निरोप. कुणाला कुठली सवलत दाखवायची हे असे गेम खेळणाऱ्याच्या सवयी पाहून ठरवू शकतात. मी तिला विचारलं, काल तू ती अवघड पातळी पार केलीस ती कशी? ती थोडा विचार करून म्हणाली, "माहीत नाही. कदाचित त्यांनीच सोपी केली असेल."

सोपी केली होती की नाही हे तिला किंवा मला कळायचा मार्ग नाही. नेमकं इथेच मला टोचतं. जिंकलेल्या मुलीला आपण जिंकलो की जिंकवलं गेलो याची खात्री नाही. 'पॅक-मॅन'मध्ये हरल्यावर तीच म्हणाली होती, "माझंच चुकलं, डावीकडे वळायला हवं होतं." हरण्यात ती जास्त ठाम होती. आपल्याला काय येतं आणि काय येत नाही हे कळायला समोर न बदलणारं काहीतरी लागतं. शाळेत, घरात, नोकरीत ते सहसा मिळत नाही. म्हणून मी हे खेळ खेळायला सांगतेय. त्यांचे बटबटीत रंग आणि टुंगटुंग आवाज बोनस समजा.

सुट्टी संपताना दादा तिला न्यायला आला. आम्ही 'टँक' लावला होता. पिवळा तिचा, हिरवा माझा. दादा मागे चहा घेऊन बसला आणि न राहवून म्हणाला, "अगं, कोणीतरी गरुडापाशी थांबा."

कोणीच थांबलं नाही. चौथ्या पातळीला गरुड फुटला. ती ९, मी ७. तिने एकदा आकडे बघितले, एकदा माझ्याकडे बघितलं आणि स्टार्टचं बटण दाबलं.